साडेनऊ हजारांसाठी सहा महिने

शिक्षा भोगून संपली होती, तरी तो आतच होता. तीन खटल्यांतला मिळून साडेनऊ हजार रुपये दंड भरलेला नव्हता आणि त्या दंडाऐवजी सहा महिन्यांची साधी कैद त्याच्या नावावर लागली होती. मराठवाड्यातल्या एका जिल्हा कारागृहातलं हे प्रकरण. मुलाची ओळख पटू नये म्हणून गाव, तालुके आणि न्यायालयांची नावं देत नाही. दंडाचे आकडे, दिवसांचा हिशेब आणि घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा आहे. मी विधी सेवेच्या, म्हणजे गरिबांना मोफत वकील देणाऱ्या सरकारी व्यवस्थेच्या, पॅनेलवर वकील म्हणून काम करते आणि कारागृहातल्या मदत केंद्रात ठरलेल्या दिवशी बसते. तिथे हा मुलगा समोर आला तो एकच प्रश्न घेऊन: "मॅडम, माझं वर्ष भरलं ना? मग मला सोडत का नाहीत?"

प्रश्न साधा आहे, पण तो विचारणारे बंदी प्रत्येक कारागृहात सापडतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना कुणी नीट उत्तर दिलेलं नसतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

घर आणि गुन्हा

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं गाव, दीड एकर कोरडवाहू, दरवर्षी दिवाळीनंतर कुलूप लागणारं घर. आईवडील कोयत्यावर जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात पाच महिने ऊस तोडायचा आणि उचल फिटली तर फिटली, नाहीतर बाकी पुढच्या हंगामात ओढायची. मागे आजी राहते. मुलगा तेव्हा बावीस वर्षांचा, दहावीपर्यंत शिकलेला, अधूनमधून टेम्पोवर जाणारा.

2023 सालचा पावसाळा आठवत असेल. ऑगस्ट सगळाच्या सगळा कोरडा गेला. हाताला काम नव्हतं. गावातल्या दोघांच्या नादाला लागून यानं विहिरींवरची केबल कापली, एका ठिकाणी पाणबुडी मोटार काढली. तांबं भंगारात विकायचं, एवढाच बेत. महिन्याच्या आत तिघंही पकडले गेले. दोन तालुक्यांत मिळून तीन गुन्हे दाखल झाले, तिन्ही भारतीय दंड संहितेच्या कलम 379 खाली, म्हणजे साधी चोरी. कमाल शिक्षा तीन वर्षं.

ज्यांची केबल गेली त्यांची बाजूही इथेच लिहायला हवी. दुष्काळी वर्षात विहिरीला तळाशी पाणी आहे आणि मोटार चालत नाही, हे ज्याच्यावर ओढवतं त्यालाच ते कळतं. नवी केबल उधारीवर आणावी लागते आणि तोवर उभं पीक वाळतं. खटल्यातल्या एका फिर्यादी शेतकऱ्याचं नेमकं हेच झालं होतं. पुढे जो दंड झाला त्यातून त्याला एक रुपयाही मिळाला नाही. दंडाच्या रकमेतून नुकसानभरपाई देण्याची सोय जुन्या दंड प्रक्रिया संहितेच्या कलम 357 मध्ये होती. तशी मागणी कुणी केली नाही आणि आदेशही झाला नाही. दंडाची रक्कम सरकारजमा व्हायची होती. म्हणजे पुढचे सहा महिने ज्या पैशांसाठी हा मुलगा आत बसणार होता, त्यांचा त्या शेतकऱ्याच्या विहिरीशी काही संबंध उरला नव्हता.

जामीन मिळाला, जामीनदार मिळाला नाही

तिन्ही प्रकरणांत जामीन मंजूर झाला होता. पण तीन खटल्यांना जामीनदारही तीन वेळा उभा करावा लागतो, त्याचा सातबारा लागतो, त्याला दोन्ही तालुक्यांना न्यावं लागतं. ज्या भाऊबंदांकडे जमीन आहे ते चोरीच्या खटल्यात उभे राहायला तयार नव्हते. त्यामुळे मुलगा न्यायाधीन बंदी, म्हणजे निकाल लागायचा असलेला कैदी, म्हणून आत राहिला. 1 जुलै 2024 पासून नवीन कायदे आले: दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आणि दंड प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता. त्यांत पहिल्याच वेळी गुन्ह्यात सापडलेल्या बंद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडण्याची तरतूद आहे, आणि हा काळ त्यानं त्याच ऑगस्टमध्ये पूर्ण केला होता. पण एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर ती सवलत मिळत नाही. याचे तीन होते.

बॅरेकमध्ये सल्ला देणारे पुष्कळ. "कबूल कर, भोगलेल्या शिक्षेवर सुटशील." सल्ला अगदीच खोटा नव्हता. पंधरा महिने आत काढल्यावर, दिवाळीच्या सुट्टीनंतर न्यायालयं उघडली तेव्हा त्यानं तिन्ही प्रकरणांत गुन्हा कबूल केला. आठवडाभरात तीन निकाल आले. प्रत्येकात एक वर्ष कैद आणि दंड. वर्षभराची कैद जुन्या दंड प्रक्रिया संहितेच्या कलम 428 खाली वजा झाली, कारण तेवढा काळ तो आधीच आत होता. तोच कच्च्या कैदेचा, म्हणजे निकालाआधीचा, काळ एकापेक्षा जास्त खटल्यांतही वजा करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्येच महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात सांगितलेलं आहे. त्याबाबत काही अडचण आली नाही.

कारागृहातल्या व्हिडिओच्या पडद्यावर न्यायाधीश साहेबांचं बोलणं त्यानं ऐकलं, "एक वर्ष" हे शब्द त्याला कळले. संध्याकाळी त्यानं कपड्यांची पिशवी बांधून ठेवली.

दंडाचं वाक्य त्यानंतरचं होतं. पहिल्या प्रकरणात दंड 1,500 रुपये, न भरल्यास दोन महिने साधी कैद. दुसऱ्यात 5,000 रुपये, न भरल्यास एक महिना. तिसऱ्यात 3,000 रुपये, न भरल्यास तीन महिने. एकूण 9,500 रुपये किंवा सहा महिने. कारागृहातल्या त्याच्या नोंदीच्या तिकिटावर सुटकेची तारीख पडली ती मे 2025 ची.

पंधरा महिन्यांतले जास्तीचे तीन महिने कुठे गेले?

हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि अगदी रास्त. शिक्षा एक वर्षाची, आत काढले पंधरा महिने. वरचे तीन महिने दंडाच्या कैदेतून का वजा होत नाहीत?

कलम 428 च्या शब्दांतच ते नाही म्हणून सांगितलं आहे. निकालाआधीची कैद मूळ शिक्षेतून वजा होते. दंड न भरल्याबद्दलच्या कैदेतून ती वजा करायची नाही असा स्पष्ट अपवाद आहे. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 468 मध्येही तो तसाच आहे. त्यामुळे जामीनदार न मिळाल्यानं आत काढलेले तीन महिने हिशेबाबाहेर राहिले. ज्याला जामीनदार मिळत नाही त्यालाच दंडही भरता येत नाही. म्हणजे एकाच गरिबीची किंमत हा मुलगा दोनदा मोजत होता. हा अपवाद बदलायला हवा असं माझं मत आहे. पण कायदा आज असा आहे, आणि कारागृहाच्या कार्यालयानं त्यात काही चूक केली नव्हती.

"तिन्ही मिळून एकदाच नाही का भोगता येत?" तेही नाही. मूळ शिक्षा एकत्र भोगण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. दंडाऐवजीच्या कैदा मात्र एकापाठोपाठ एकच चालतात, हे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, पुन्हा महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, स्पष्ट केलं. त्यामागचा युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. दंडाऐवजीची कैद ही गुन्ह्याची शिक्षाच नव्हे, दंड भरावा म्हणून ठेवलेला तो धाक आहे. सगळ्या कैदा एकत्र चालू दिल्या तर एकाच कैदेत सगळे दंड बुडवता येतील. पैसे असून न देणाऱ्याच्या बाबतीत हे मला पटतं. पण धाक दाखवून पैसे निघण्यासाठी आधी ते कुठेतरी असावे लागतात.

याच विचाराची दुसरी बाजू 2007 च्या निकालात आहे. मध्य प्रदेशातल्या त्या प्रकरणात अंमली पदार्थांच्या गुन्ह्यासाठी एक लाखाचा दंड होता आणि तो न भरल्यास तीन वर्षं कैद. सर्वोच्च न्यायालयानं ती सहा महिन्यांवर आणली. अशी कैद ठरवताना गुन्ह्याचं स्वरूप, परिस्थिती आणि आरोपीची ऐपत या सगळ्यांचा विचार करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे, असा त्या निकालाचा अर्थ. आमच्या मुलाच्या तिन्ही निकालपत्रांत दंडाच्या रकमेबद्दल एकेक ओळ होती. त्याच्या ऐपतीबद्दल एकही नव्हती. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही.

दिवसाचा भाव

सगळे कागद समोर आल्यावर मी एकच गणित केलं: दंडाला कैदेच्या दिवसांनी भागलं. महिना तीस दिवसांचा धरला.

पहिल्या प्रकरणात त्याच्या एका दिवसाची किंमत निघाली 25 रुपये. तिसऱ्यात सुमारे 33. आणि दुसऱ्यात सुमारे 167 रुपये. माणूस एक, कारागृह एक, गुन्हा एकाच कलमाचा. दिवसाचा भाव मात्र पावणेसात पटींनी वेगळा. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. बाहेर असता तर बत्तीस दिवसांच्या मजुरीत सगळा दंड फिटला असता. आत त्याला त्यासाठी एकशे ऐंशी दिवस द्यायचे होते.

तिन्ही आकडे कायदेशीर होते, हेही सांगते. ज्या गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही आहेत तिथे दंडाऐवजीची कैद कमाल शिक्षेच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू नये, एवढीच मर्यादा आहे. तीन वर्षांचा चौथा हिस्सा म्हणजे नऊ महिने. त्या मर्यादेच्या आत किती रुपयांना किती दिवस, याचं कोष्टक कायद्यात नाही. प्रत्येक न्यायालयाची आपापली सवय असते.

हे गणित मांडल्याचा फायदा लगेच झाला. विधानसभेचं मतदान आटोपून आईवडील टोळीबरोबर गेले होते. भेटीला आली ती आत्या. लाडकी बहीण योजनेच्या जमा झालेल्या पैशांतले चार हजार तिनं बाजूला ठेवले होते. हजार रुपये कुणाकडून तरी घेऊन ती पाच हजारांचा दंड भरणार होती. तिचं म्हणणं असं, "मोठं वझं आधी उतरावं." शहाणी बाई, आणि इतर कुठल्याही देण्याच्या बाबतीत तिचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. पण इथे पाच हजार भरून फक्त एक महिना कमी होणार होता. उरलेल्या दोन दंडांचे मिळून साडेचार हजार होत होते आणि त्यांच्यामागे पाच महिने उभे होते.

शिवाय पहिल्या प्रकरणाचे पूर्ण पंधराशेही आता द्यायचे नव्हते. दंड संहितेचं कलम 69 सांगतं की कैद भोगत असताना दंडाचा काही भाग भरला आणि भोगलेली कैद न भरलेल्या भागाच्या प्रमाणात पुरेशी असली, तर कैद तिथेच संपते. जुन्या संहितेत यासाठी दिलेलं उदाहरण असं: शंभर रुपये दंड, न भरल्यास चार महिने. पहिला महिना संपायच्या आत पंचाहत्तर रुपये भरले, तर महिना पुरा होताच सुटका. नवीन न्याय संहितेत हे कलम 8 मध्ये आलं आहे. आमच्या मुलाचे पहिल्या प्रकरणातले वीस दिवस झाले होते, चाळीस उरले होते. दिवसाला 25 रुपयांप्रमाणे हजार रुपये पुरे होते.

आत्याला हे कागदावर आडव्या रेघा मारून समजावलं. तिनं एकच शंका काढली, आणि ती आजीची होती: दंड राहिला तर सातबाऱ्यावर बोजा चढेल का? भीती निराधार नाही. दंडाच्या वसुलीसाठी न्यायालय जंगम मालमत्ता जप्त करू शकतं, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायला जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंटही पाठवू शकतं. पण दंडाऐवजीची कैद पूर्ण भोगली असेल तर, खास कारणं लेखी नोंदवल्याशिवाय किंवा त्या दंडातून भरपाई द्यायचा आदेश असल्याशिवाय, असं वॉरंट काढता येत नाही. आईवडिलांच्या नावावरच्या दीड एकराला धोका नव्हता. हे ऐकल्यावर तिचा चेहरा सैल झाला.

नाझरच्या खिडकीवर

दंड भरणं म्हणजे पैसे देऊन पावती घेणं, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात दोन तालुक्यांची दोन न्यायालयं होती, दोन नाझर, म्हणजे न्यायालयात पैसे जमा करून घेणारे कर्मचारी, होते, आणि आत्याकडे मुलाचं नाव सोडून काहीच माहिती नव्हती. खिडकीवर पहिला प्रश्न येतो तो खटला क्रमांकाचा. क्रमांक, निकालाची तारीख, कलम आणि दंडाची रक्कम एका चिठ्ठीवर लिहून दिली तरच काम पुढे सरकतं. एरवी माणूस दिवसभर बाकावर बसून एसटीनं परत येतो. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून ती दुसऱ्यांदा जाऊ शकते, इतकंच.

तिसऱ्या प्रकरणाचे तीन हजार अर्ध्या तासात भरले गेले. पावती झाली आणि न्यायालयाचं पत्र कारागृहाकडे गेलं. पहिल्या प्रकरणाचे पैसे अडले. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याचं म्हणणं होतं, निकालात पंधराशे लिहिलेत, पंधराशेच घेणार. त्याच्या जागी तोही बरोबर होता. समोर निकालपत्र होतं आणि अर्धवट रक्कम कशाच्या आधारावर घ्यायची हे सांगणारा कागद नव्हता. असा कागद लागतो. आम्ही कारागृहाकडून दाखला घेतला की या खटल्यातल्या दंडाऐवजी बंद्यानं अमुक तारखेपर्यंत इतके दिवस कैद भोगली आहे. तो जोडून न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे एका पानाचा अर्ज दिला, त्यात कलम 69 आणि साधं त्रैराशिक. साहेबांनी अर्ज वाचला, तोंडी एकदा हिशेब विचारला आणि त्याच दिवशी रक्कम स्वीकारण्याचा आदेश दिला.

तोपर्यंत आणखी दहा दिवस गेले होते. म्हणून आता हजार नव्हे, साडेसातशेच भरावे लागले. त्या अडीचशे रुपयांची पावती कुठे मिळत नाही. ते मुलानं बॅरेकमध्ये दहा दिवस बसून फेडले होते.

सगळे मिळून 3,750 रुपये भरले गेले आणि एकशे वीस दिवस कमी झाले. उरला फक्त दुसऱ्या प्रकरणाचा एक महिना.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवते, कारण वकिलांच्याही ती लक्षात येत नाही. कारागृहानं तिन्ही कैदा एका क्रमानं लावल्या होत्या: पहिलं प्रकरण, मग दुसरं, मग तिसरं. त्यामुळे निकालानंतरचे पहिले तीस दिवस पंचवीस रुपये भावाच्या खात्यात गेले. तेच तीस दिवस दुसऱ्या प्रकरणात मोजले गेले असते, तर पाच हजारांचा दंड तिथेच संपला असता आणि उरलेल्या साडेचार हजारांत तो डिसेंबरमध्येच बाहेर पडला असता. क्रम असाच का लावला, याला कारण काही नव्हतं. वॉरंटं ज्या क्रमानं आली त्या क्रमानं लावली गेली.

गरीब बंद्यांची योजना

उरलेल्या पाच हजारांसाठी सरकारी मार्ग होता. केंद्रीय गृह मंत्रालयानं 2023 मध्ये गरीब बंद्यांसाठी योजना आणली. वर्षाला वीस कोटींची तरतूद. तिच्या तेव्हाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दंड न भरल्यामुळे सुटू न शकणाऱ्या बंद्याची माहिती कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना द्यायची, त्यांनी सात दिवसांत त्याच्या आर्थिक परिस्थितीची चौकशी करून अहवाल द्यायचा आणि जिल्ह्याच्या अधिकारप्राप्त समितीनं 25,000 रुपयांपर्यंतचा दंड मंजूर करायचा. समितीत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवेचे सचिव, कारागृहाचे अधीक्षक आणि एक न्यायाधीश असतात.

योजना चांगली आहे, मनापासून सांगते. आमच्या पाच हजारांना ती पुरून उरली असती. पण चौकशीला गेलेल्या माणसाला घराला कुलूप दिसलं. आजी त्या दिवशी लेकीकडे होती, आईवडील उसाच्या फडात. रेशनकार्ड आणि आधार वडिलांच्या पिशवीत, ती पिशवी सांगली जिल्ह्यातल्या एका कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत. गाळप हंगामात बालाघाटच्या कुठल्याही तांड्यावर, वस्तीवर जा, हेच चित्र दिसेल. घर बंद आहे हाच तिथला गरिबीचा दाखला असतो, पण चौकशीच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नाही. फोनवर वडिलांकडून आधारचा फोटो मागवला, ग्रामपंचायतीचा दाखला घेतला, तोवर आठवडे गेले. फाईल समितीपुढे जायच्या आतच मुलाचे तीस दिवस भरले आणि जानेवारीच्या मध्याला, संक्रांतीच्या सुमारास, तो सुटला.

अगदी वेळेवर झालं असतं तरी हिशेब बघा. समजा बाराच दिवस प्रक्रियेत गेले. तीस दिवसांच्या कैदेतले बारा गेले की उरतात अठरा, म्हणजे समितीनं मंजूर करायचे तीन हजार. लांब मुदतीच्या कैदेला ही योजना उपयोगी पडते. महिना-दोन महिन्यांच्या कैदेसाठी ती तेव्हाच उपयोगी पडेल, जेव्हा शिक्षेचं वॉरंट कारागृहात पोचेल त्याच दिवशी अधीक्षकांचं पत्र निघेल. बंदी मदत केंद्रात येऊन "मला का सोडत नाहीत" असं विचारेपर्यंत थांबलं, तर उशीर झालेला असतो.

ज्या वाटा बंद होत्या

वाचणाऱ्या वकिलांच्या मनात येईल म्हणून थोडक्यात. दंड हप्त्यानं भरण्याची सोय जुन्या संहितेच्या कलम 424 मध्ये होती, नव्या कलम 464 मध्ये आहे: तीस दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते. पण ती फक्त दंडाचीच शिक्षा असेल तेव्हा. इथे सोबत एक वर्ष कैद होती. ती भोगून झाली होती तरी निकालात होती, म्हणून हप्ते नाहीत. गुन्हा कबूल केल्यावर अपील फक्त शिक्षेच्या प्रमाणाबद्दल किंवा वैधतेबद्दल करता येतं, तीस दिवसांच्या मुदतीत. तीन अपिलं दाखल होऊन सुनावणीला येईपर्यंत हा मुलगा बाहेर आलेला असता, म्हणून तो विचार सोडला. दंडाऐवजीची कैद वर्ष-दोन वर्षांची असती तर मी नक्की अपिलात, गरज पडली तर औरंगाबाद खंडपीठात गेले असते.

हेच नवीन कायद्यात झालं असतं तर

तीन गुन्ह्यांपैकी एका केबलची किंमत पाच हजारांच्या आत होती. न्याय संहितेच्या चोरीच्या कलमात आता अशी तरतूद आहे की चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांहून कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. बावीस वर्षांच्या मुलाकडून गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर महिनाभर काम करून घेतलं असतं, तर त्या शेतकऱ्यालाही ते डोळ्यांनी दिसलं असतं. पण गुन्हा 2023 चा, खटला जुन्या कायद्याखाली.

नव्या संहितेत एक बदल मला काळजीचा वाटतो. ज्या गुन्ह्याला फक्त दंड किंवा सामुदायिक सेवा आहे, तिथे दंडाऐवजीच्या कैदेचं कोष्टक बदललं. 1860 पासून ते असं होतं: पन्नास रुपयांपर्यंत दोन महिने, शंभरपर्यंत चार, त्यावर कितीही असला तरी सहा महिने. आता पाच हजारांपर्यंत दोन महिने, दहा हजारांपर्यंत चार, त्यावर एक वर्ष. खालच्या टप्प्यांची रक्कम वाढली हे योग्यच झालं, पन्नास रुपयांचा जमाना गेला. पण वरची मर्यादा दुप्पट झाली. ज्या गुन्ह्याला मुळात कैदच नाही, त्यात गरीब माणूस वर्षभर आत जाऊ शकतो.

नंतर

सुटल्यावर तो गावात थांबला नाही. दुसऱ्या दिवशीच आईवडिलांकडे फडावर गेला. मुकादमानं त्याच्या नावावर वेगळी उचल लिहिली. आत्यानं पैसे परत मागितले नव्हते, पण आईनं त्याच उचलीतून तिचे चार हजार फेडायचं ठरवलं. म्हणजे न्यायालयाचा दंड फिरून शेवटी कोयत्याच्या हिशेबातच गेला. त्या हंगामात तोडणीचा दर टनाला 366 रुपये होता.

समितीकडची फाईल "बंदी मुक्त झाल्याने कार्यवाहीची आवश्यकता नाही" या शेऱ्यानं बंद झाली.

आता मी कारागृहात गेले की आधी एक यादी मागते: मूळ शिक्षा संपलेली आहे आणि फक्त दंडासाठी आत आहेत असे बंदी, प्रत्येकाचा खटलानिहाय दंड, त्याऐवजीची कैद, आणि त्यांतले भोगलेले दिवस. कार्यालयातल्या लिपिकानं त्यात स्वतःहून एक रकाना वाढवला आहे, एका दिवसाला किती रुपये. जिथे तो आकडा सगळ्यात लहान, त्या खटल्याची चिठ्ठी आधी नातेवाइकांच्या हातात जाते. गुन्हा कबूल करायला निघालेल्या मुलांसाठी न्यायालयात एक पान वेगळं देते: घरात कमावतं कोण, जमीन किती, उचल किती, हंगामात घरी कोण असतं. मागच्या खेपेला एका न्यायदंडाधिकाऱ्यांनी ते पान वाचून दंड दोन हजारांवरून पाचशेवर आणला आणि त्याऐवजीची कैद सात दिवस ठेवली. तो दंड मुलाच्या बापानं त्याच दुपारी भरला.